समोरून उघडणारं स्वेटर

मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, श्रावणात लकवा मारला. धानाची रोवणी उरकत आली होती. शेतातल्या बांधीवरून परत येताना ते धुऱ्यावर, शेताच्या कडेला, जरा टेकले आणि त्यांना उठताच येईना. भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं, दोन-अडीच आठवडे तिथंच गेले. बोलणं परत आलं, पायही काठीच्या आधारानं घरातल्या घरात चालू लागला. डावा हात मात्र खांद्यापासून तसाच लटकत राहिला.

कार्तिकात हिव पडायला लागलं तेव्हा खरी पंचाईत झाली. मामाजींचं जुनं स्वेटर डोक्यातून घालायचं होतं, तपकिरी, कोपरावर विरलेलं. रोज सकाळी माझा नवरा ते घालून द्यायला जायचा आणि रोज सकाळी छपरीत भांडण व्हायचं. डावा हात वर होत नव्हता. तो आधी बाहीत कोंबायचा, मग डोकं, मग उजवा हात. मधेच स्वेटर तोंडावर अडकायचं आणि आतून शिव्या ऐकू यायच्या. एकदा तर मामाजींनी तसंच, तोंडावर स्वेटर असताना, उजव्या हातानं मुलाला ढकलून दिलं. नवरा मागच्या पोत्यांवर पडला. तो उठला, चप्पल घातली आणि शेतावर निघून गेला. स्वेटर अर्धवट अडकलेल्या माणसाजवळ मी उरले.

नवऱ्यानं पवनीहून चेनवालं जाकीट आणलं. त्याची चेन खाली जोडायलाच दोन हात लागतात हे दुकानात कोणाच्या लक्षात आलं नाही. मामाजींनी दोन दिवस घातलं, दुसऱ्याकडून चेन लावून घेतली आणि तिसऱ्या दिवशी ते खाटेखाली सरकवून दिलं. गुळगुळीत कापड अंगाला लागलं की आणखी हिव वाजते, असं म्हणाले. ते काही खरं कारण नव्हतं.

त्या दिवशी मी चिडून म्हणून गेले, "मीच विणून देते बटणांचं. समोरून उघडणारं."

नवरा हसला. मामाजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला विणता येत नव्हतं. सूईदोऱ्यात माझी मजल ब्लाऊजच्या हुकापर्यंत होती. पण बोलून गेले होते, आणि नवरा हसला नसता तर कदाचित विसरलेही असते.

आमच्या गावात, कोंढ्यातच, एक निवृत्त नर्सबाई राहतात. सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणतात. नोकरीत असताना बाळंतिणीच्या घरी जाताना पिशवीत सुया-लोकर असायची, अर्ध्या गावातल्या लेकरांची टोपडी त्यांनी विणलेली. त्यांच्याकडे गेले. त्यांनी आधी विचारलं, कोणासाठी. मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, किती दिवसांत पाहिजे. मी म्हटलं, हिव जायच्या आत. त्यांनी चष्म्यावरून माझ्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाल्या की असे हात लोकरीला अडतात, रोज रात्री तेल लावत जा.

पहिल्या दिवशी टाके घालायला शिकवले. पाच-सहा वेळा दाखवलं. सुईवर फास घ्यायचा, दुसऱ्या सुईनं त्यातून लोकर ओढायची, परत पहिलीवर चढवायचं. त्या करायच्या तेव्हा वाटायचं काहीच नाही त्यात. माझ्या हातात सुया आल्या की एक सुई पायावर पडायची आणि दुसरीवरचे टाके इतके घट्ट बसायचे की ती त्यांतून सरकायचीच नाही. घरी आले तर धानाची कापणी सुरू झालेली. दिवसभर विळा चालवून हाताला चिरा पडायच्या, आणि संध्याकाळी सुया हातात घेतल्या की लोकरीचा एकेक तंतू त्या चिरांत अडकायचा. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. त्यांतली बाई हिंदीत 'सीधा, उल्टा, सीधा, उल्टा' म्हणत इतक्या भरभर विणायची की मी तिला थांबवून थांबवून पाहायची आणि तरी तिचा अंगठा नेमका कुठं जातो ते कळायचं नाही.

सुलट टाका यायला चार दिवस लागले, उलट यायला आणखी आठवडा. पंचेचाळिसाव्या वर्षी आपल्याला एवढंही येत नाही याचा मला राग यायचा. रोवणीत मी गावातल्या कुठल्याही बाईच्या बरोबरीनं ओळ धरते. एका हातात धानाच्या रोपांची, पऱ्ह्यांची जुडी, दुसऱ्या हातानं चिखलात खोचणं, बघावंही लागत नाही. आणि इथं वीस टाक्यांच्या चिंधीत मधेच सतरा व्हायचे, मधेच तेवीस.

सिस्टरबाईंच्या बोलण्यात एकच शब्द सारखा असायचा. "उसव."

मी म्हणायची, एवढीशी तर चूक आहे. त्या म्हणायच्या, "चूक तुले दिसून राहिली न? मंग ते घालणाऱ्यालेही दिसन. उसव."

लोकर पवनीच्या बाजारातून आणली. एकाच रंगाची पुरेशी हवी होती, तशी फक्त गर्द मेंदी रंगाची मिळाली, तीही गुंड्यांत नाही, लड्यांत. मामाजींना दाखवली तेव्हा ते म्हणाले, "बोडीवरच्या शेवाळावानी आहे." तेवढंच. त्यांना आवडली की नाही ते त्यांच्या बोलण्यावरून कधीच कळत नाही. बावीस वर्षांत मला कळलेलं नाही.

मग माप घ्यायची वेळ आली. मी सिस्टरबाईंना म्हटलं, जुन्या शर्टावरून अंदाजे घेते. त्यांनी चक्क सुया माझ्या हातातून काढून घेतल्या. शर्ट दुखण्याच्या आधीचा आहे, माणूस दुखण्याच्या नंतरचा, असं म्हणाल्या. माप त्यांच्याच अंगाचं घे, छाती, पाठ, खांदा, काखेतला मुंढा, दोन्ही बाह्या वेगवेगळ्या.

मामाजींच्या अंगाला मी कधी हात लावलेला नव्हता. सासूबाई नाहीत, पण लकवा मारल्यावरसुद्धा त्यांना उठवणं-बसवणं सारं नवरा करायचा. तो शेतावर असला की शेजारच्या घरून कोणी पुरुष यायचा. मी ताट ठेवायची, पाणी ठेवायची, डोक्यावरचा पदर सावरून मागं व्हायची. आमच्या घरात असंच होतं आणि मलाही त्यात वेगळं काही वाटत नव्हतं. नवऱ्याला म्हटलं, तूच घे माप. त्यानं घेतलं. छाती त्रेचाळीस म्हणून सांगितली. मामाजी एवढे वाळलेले, त्रेचाळीस कुठून येणार? टेपच्या उलट्या बाजूनं त्यानं काय वाचलं कोण जाणे.

शेवटी मीच टेप घेऊन छपरीत गेले. सांगितलं की माप घ्यायचं आहे. मामाजींनी मान भिंतीकडे वळवली. मी टेप पाठीमागून घेऊन समोर आणला. त्यांच्या बरगड्या शर्टावरूनही लागत होत्या. आम्ही दोघंही श्वास रोखून होतो. डाव्या खांद्याशी आले तेव्हा त्या हाताचं वजन किती आहे ते मला पहिल्यांदा कळलं. मेलेल्या फांदीसारखा वाटेल असं वाटलं होतं. तो तर ऊबदार होता, जड होता, आणि मी उचलला तेव्हा मामाजींच्या तोंडून दुखल्याचा आवाज आला.

"दुखते?" मी विचारलं.

"घे लवकर," ते म्हणाले.

घाईत घेतलं आणि तिथंच चुकलं. ते डावीकडे कललेले बसले होते. पाठीची उंची एका बाजूनं दोन बोटं कमी भरली, ते मला फार उशिरा उमगलं.

पाठ विणायला घेतली. सिस्टरबाईंनी बजावलं होतं की आधी हाताएवढा नमुना विण, एका इंचात किती टाके बसतात ते मोज, मग सुरुवात कर. मी नमुना विणला नाही. अगोदरच पंधरा दिवस शिकण्यात गेले होते, आणि हिव वाढून राहिलं होतं. शंभरावर टाके घातले आणि कापणी, मळणी, भाकरी, गुरं यांतून जो वेळ निघाला तो सगळा त्यात घातला. मळणीयंत्र दारात आलं त्या दिवशीही, बाकीच्या बाया पोती शिवत होत्या तेव्हा मी ओट्यावर सुया घेऊन बसले. बायका मला हसल्या. एक म्हणाली, बाजारात तयार भेटते न, कायले डोळे फोडून राहिली. मला तिचा राग आला, कारण ती बरोबर बोलत होती.

तीन आठवड्यांनी पाठ मुंढ्यापर्यंत आली. मी ती पसरून पाहिली तर सूप दिसत होतं. खाली निमुळती, वर रुंद. सुरुवातीला माझा हात घट्ट होता, सवय झाली तसा ढिला पडत गेला. टाके तेवढेच, कापड मात्र चार बोटं रुंद झालेलं. मी ती पिशवीत घालून सिस्टरबाईंकडे नेली. मनात होतं, काहीतरी उपाय सांगतील, ओढून, धुऊन, इस्त्री करून. त्यांनी टेप लावला आणि पिशवीत परत टाकली.

"नमुना विणला होता?"

मी पिशवीचे बंद ओढायला लागले.

"उसव. पुरी उसव."

मी घरी आले आणि घरामागच्या सांदवाडीत दगडावर बसून उसवली. तीन आठवड्यांचं काम अर्ध्या तासात निघालं. लोकर कुरळी होऊन मांडीवर पडत होती. मला रडायला आलं नाही. सुया चुलीत घालाव्यात असं वाटलं, पण त्या लोखंडी होत्या.

पुढचं घडलं ते पौष लागताना. उसवलेली लोकर धुऊन परत लड्या केल्या होत्या, म्हणजे तिचा कुरळेपणा जातो. आता त्यांचे गुंडे करायचे होते. लड कोणीतरी दोन हातांवर ताणून धरावी लागते, दुसऱ्यानं गुंडाळत जायचं. घरात फक्त मामाजी होते. सिस्टरबाई म्हणाल्या होत्या की त्या हाताला काही तरी काम द्या, नुसता पडू देऊ नका. मी मामाजींना लड धराल का म्हणून विचारलं. ते खाटेवर बसले, मी त्यांचा डावा हात उशीवर ठेवला, मनगटावर लड चढवली, उजव्या हातावर दुसरी बाजू. मी समोर पाटावर बसून गुंडाळायला लागले. चार-पाच मिनिटं बरी गेली. मग डावा हात उशीवरून घसरला. मी परत ठेवला. परत घसरला. तिसऱ्यांदा त्यांनी उजव्या हातानं डावा सावरायला म्हणून हात हलवला आणि सगळी लड एकदम सुटून मांडीवर, खाटेच्या पट्ट्यांत आणि खाली शेकोटीच्या राखेत पडली. उचलायला गेले तर गुंता असा झाला की कुठलं टोक कुठलं ते समजेना.

"सरळ धरता येत नाही का?" मी ओरडले.

त्यांच्यावर मी कधी आवाज चढवला नव्हता. एकदा चढला तर थांबवता येईना.

"माह्यं काही एक धड होऊ नाही दिलं तुम्ही. अंगणवाडीची जागा आली होती, घरात बोलावणं आलं होतं कागदावर, तुम्ही म्हणाले घरचं कोण करन. मी गेली नाही. आज ही लोकर तरी होऊ द्या."

हे मी का बोलले ते मला त्या वेळी कळलं नाही. लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षीची गोष्ट. मी बारावी झाले होते, गावात जागा निघाली होती, मुलाखतीचा कागद आला होता. मामाजी फक्त तेवढं एक वाक्य बोलले होते आणि जेवून शेतावर गेले होते. मीही पुढं काही बोलले नव्हते. नवऱ्याजवळसुद्धा त्याचा उल्लेख करत नव्हते. मला वाटत होतं, विसरले.

मामाजींचा डावा हात खाटेच्या काठावरून लोंबत होता, तो त्यांनी उजव्या हातानं उचलून मांडीवर घेतला. मी गुंता तिथंच टाकून आत गेले. संध्याकाळी त्यांनी जेवण परत पाठवलं नाही, नेहमीसारखं जेवले. नवऱ्याला त्यांनी काही सांगितलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा द्यायला गेले तर गुंता त्यांच्या मांडीवर होता. ते उजव्या हाताच्या दोन बोटांनी एकेक धागा उचलून डाव्या अंगठ्याखाली दाबून ठेवत होते. दाबत नव्हते, अंगठा नुसता वजनानं पडलेला होता, पण धागा त्याखाली राहत होता. मी कप ठेवून आले. त्या दिवशी, त्याच्या दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशीही ते तेच करत बसले. अधूनमधून शिव्या द्यायचे, लोकरीला. मी मदतीला गेले तर म्हणाले, "ओढू नको. ओढलं का आवळते."

अंबाडीचे दोर वळणारा माणूस. त्यांच्या तरण्या वयात घरचे सगळे दोर तेच वळायचे. त्यांना हे माहीत असणारच.

तिसऱ्या दिवशी दुपारी गुंडा करून त्यांनी बाजूला ठेवला होता. मी उचलायला वाकले तेव्हा ते म्हणाले, "तू तेव्हा गेली असती नौकरीवर, त बरं झालं असतं."

बावीस वर्षांच्या संसारात त्यांच्याकडून एवढं पहिल्यांदा ऐकलं. लोक म्हणतील, ऐकून बरं वाटलं असेल. मला बरं वाटलं नाही. मला जास्तच राग आला. त्या जागेवर लागलेली बाई आता सुपरवायझरच्या बैठकींना पवनीला जाते. वाक्य आत्ता येऊन माझ्या काय कामाचं? मी म्हटलं, "आता कायले बोलून राहिले?" आणि गुंडा घेऊन आले. पण त्यानंतर मी छपरीतच, त्यांच्यासमोर बसून विणायला लागले. दुसरीकडे उजेड कमी होता, हेही खरं.

आणि तिथं बसल्यानं नवा त्रास सुरू झाला. मामाजी पाहायचे. रोवणीच्या ओळी पाहण्यात त्यांचं सारं आयुष्य गेलेलं, कुठं एक पऱ्हं जास्त अंतरावर गेलं ते त्यांना बांधीच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचं. तीच नजर ते माझ्या विणण्यावर लावून बसले. "त्या खालच्या रांगेत गडबड आहे," म्हणायचे. मी म्हणायची, नाही. मग मोजायची आणि असायची. दहा ओळींखाली एक टाका निसटून शिडी झालेली. सिस्टरबाईंनी मला क्रोशाच्या सुईनं तो टाका शिडीच्या एकेका पायरीवरून वर ओढून आणायचं शिकवलं होतं, म्हणजे सगळं उसवावं लागत नाही. ते मला छान जमायला लागलं. एवढी एकच गोष्ट मी सिस्टरबाईंपेक्षा भराभर करायची, कारण टाके निसटण्याचा सरावही माझाच जास्त होता.

आता नमुना विणला, इंचाला टाके मोजले, कागदावर गुणाकार केले. माप परत घेतलं, या वेळी मामाजींना उशीचा टेका देऊन सरळ बसवून. त्यांनी भिंतीकडे मान वळवली नाही, उलट टेप कुठं धरायचा ते सांगत होते. पाठ मुंढ्यापर्यंत झाली. दोन पुढचे भागही तिथवर झाले. मुंढे-बाह्यांपाशी माझं आणि सिस्टरबाईंचं वाजलं.

मी म्हटलं, डावा मुंढा मोठा ठेवते, बाहीही वरून सैल. त्या म्हणाल्या, दोन्ही बाह्या सारख्याच असतात, नाहीतर स्वेटर वेडंवाकडं दिसते. मी म्हटलं, मी त्यांना कपडे घालताना पाहिलं आहे. डावा हात आधी घालावा लागतो, आणि बाही वर चढताना खांद्याशी अडते, तिथंच ते ओरडतात. सिस्टरबाईंनी विणलेल्या पाठीच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "आजाऱ्याले कपडा घालणं मी तीस वर्षं केलं. हे माह्या ध्यानात याले पाह्यजे होतं. कर तुह्या मनानं." त्यांनी मला पहिल्यांदाच उसव म्हटलं नाही. डावी बाही मग मी माझ्या मनानं केली, आणि ती दोनदा उसवावी लागली, ते मी त्यांना सांगितलं नाही.

बटणं शेवटी. बटणपट्टी विणली, काजं सोडली. पुरुषांच्या कपड्याला काजं डाव्या बाजूला असतात, तशीच केली. मग मला वाटलं, करून तरी पाहावं. मी माझा डावा हात पदरात गुंडाळून कमरेशी बांधला आणि नवऱ्याचा शर्ट अंगावर चढवून एका हातानं बटणं लावायला बसले. लागेचना. काज डाव्या पट्टीत, ती धरायला डावा हात नाही, उजव्या हातानं बटण ढकललं की पट्टी पळून जायची. मग माझं जुनं बायकी बटणांचं स्वेटर चढवून पाहिलं, त्यात उलटं असतं, काज उजवीकडे, बटण डावीकडे. उजवी पट्टी बोटांत धरून बटणावर ठेवायची आणि अंगठ्यानं दाबायचं. लागलं. परत काढून लावलं, परत लागलं. मला इतकं हायसं वाटलं की मी बांधलेला हात सोडायचीच विसरले. नवरा पाणी प्यायला आत आला, त्यानं मला तसं पाहिलं आणि परत बाहेर गेला.

दोन्ही पट्ट्या उसवल्या. परत विणल्या. मोठी, चपटी बटणं लावली.

माघ अर्धा झाला होता. दुपारी ऊन चटका द्यायला लागलं होतं, पण सकाळी अजून हिव होतं. मी स्वेटर मामाजींना दिलं. आधी डावी बाही, तिनं काही कुरकुर केली नाही, खांद्यावरून सरळ चढली. मग पाठीमागून आणून उजवी. उजवी बाही बोटांपर्यंत आली, लांब झाली होती, ती दुमडली. मामाजींनी समोरच्या पट्टीवर हात फिरवला आणि थांबले.

"हे बायकायचं आहे."

मी सांगितलं, मुद्दाम केलं आहे, एका हातानं लावता यावं म्हणून.

"बायकायवानी बटणं लावून मी बसू छपरीत? लोक येतात-जातात."

"लावून तर पाहा."

"काढ," ते म्हणाले.

तीन महिने. मी काढलं. खुंटीला अडकवलं. त्यांच्याशी वाद घातला नाही, कारण घातला असता तर काय बोलले असते माझं मलाच माहीत नाही. ते त्या दिवशी शाल पांघरून बसले, ती डाव्या खांद्यावरून दर पाच मिनिटांनी घसरत होती आणि मी उठून सावरून देत नव्हते. सिस्टरबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, पट्ट्या बदलून दे. मी म्हटलं, नाही देत. पाच-सहा दिवस स्वेटर खुंटीवर होतं. येता-जाता मला ते दिसायचं आणि डोकं फिरायचं.

मग एक दिवस ढग आले, पाणी पडलं, हिव एकदम परत आलं. त्याच सकाळी दिघोरीहून मामाजींचे साडू भेटायला आले. मी चहा घेऊन छपरीत गेले तर मामाजींच्या अंगात स्वेटर होतं. तू घालून दिलं का, असं मी नवऱ्याला नंतर विचारलं, तो नाही म्हणाला. खालची दोन बटणं लागलेली होती आणि तिसऱ्यावर ते काम करत होते. साडू थोडा वेळ पाहत राहिले आणि हसून म्हणाले, "हे काय भाऊ, सुनेचं घालून बसले का?"

मी तिथंच उभी राहिले. मला वाटलं, आता काढतात आणि फेकतात.

मामाजींनी तिसरं बटण लावलं. मग म्हणाले, "तुह्या शर्टाचं एक बटण काढ, अन् उजव्या हातानं लाव. डावा मांडीखाली घे."

साडूंना गंमत वाटली. त्यांनी डावा हात मांडीखाली घेतला आणि बसले झटत. चहा निवला. बटण काही लागलं नाही. मामाजींनी तोपर्यंत चौथं लावलं, गळ्यापाशीचं पाचवं राहू दिलं.

"मापानं विणलं आहे," ते साडूंना म्हणाले, माझ्याकडे न पाहता. "तीनदा उसवून."

तीनदा नाही, सात-आठदा. मी कप उचलून आत आले आणि चुलीपाशी जरा वेळ नुसतीच बसले.

आता फाल्गुन सरत आला आहे. दुपारी अंगात सुती कापडसुद्धा नको वाटतं, आणि मामाजी सकाळी उठल्याबरोबर ते स्वेटर मागतात. मागतात म्हणजे खुंटीकडे काठी दाखवतात. मी डावी बाही चढवून देते, पुढचं ते स्वतः करतात. पाच बटणांना त्यांना दहा-बारा मिनिटं लागतात. मला तिकडे दूध उतू जायची घाई असते, पण हात लावलेला त्यांना चालत नाही, आणि लावून झाल्याशिवाय ते चहाही घेत नाहीत. मी कप धरून उभी राहते आणि मनातल्या मनात चिडत असते. नऊ वाजता ऊन तापलं की तीच पाच बटणं काढायला पुन्हा तेवढाच वेळ.

परवा त्यांनी सांगितलं, याला खिसा नाही. तंबाखूची डबी कुठं ठेवू? तंबाखू डॉक्टरांनी बंद केली आहे, मी म्हटलं. ते म्हणाले, मग चष्मा. त्यांना चष्मा नाही.

खिसा कसा विणतात ते मला येत नव्हतं. सिस्टरबाईंकडे गेले. त्यांनी चौकोन विणायला सांगितला, मी विणला, उजव्या बाजूला टाचून पाहिला. तिरका बसला. मामाजींनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "वरची रांग खाली उतरून राहिली."

मी मोजलं. उतरत होती. उसवायला घेतला आहे.